आठ वर्षांच्या मुलाची धास्ती : शाळेने हेरायची, घरी पडताळून बघायची

तीस मुलांच्या वर्गात चिंताविकार असलेलं साधारण एक मूल असतं, फार तर दोन. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१७ साली देशभर पाहणी केली, तेव्हा ५ ते १० वयोगटातल्या ३.९ टक्के मुलांमध्ये चिंताविकार आढळला. जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली आणि किशोरवयीनही धरले, तर आकडा ६.५ टक्क्यांच्या आसपास जातो. अमेरिकेत किशोरवयीनांच्या मोठ्या पाहणीत चिंताविकार कधी सुरू झाला हे विचारलं, तेव्हा मधलं वय निघालं ६ वर्षं. म्हणजे पहिलीत.

वर्गातलं हे एखादं मूल शिक्षकांच्या नजरेत सहसा भरत नाही. बाक वाजवणारा, मारामारी करणारा मुलगा पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना ठाऊक होतो. चिंतेने पोखरलेलं मूल गृहपाठ पूर्ण करून आणतं, फक्त प्रत्येक ओळ तीनदा खोडून लिहिलेली असते. उत्तर येत असून हात वर करत नाही. शाळेच्या स्वच्छतागृहात जायला नको म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. दर सोमवारी सकाळी त्याच्या पोटात दुखतं आणि अकरा वाजता थांबतं. प्रगतिपुस्तकात शेरा असतो, ‘शांत आणि गुणी’. घरीही कौतुक होतं.

लहान मुलांना भीती वाटतेच. चार वर्षांच्या मुलाला अंधाराची, कुत्र्याची भीती वाटणं आणि आठ वर्षांच्या मुलाला ‘आईबाबांना काही झालं तर?’ हा घोर लागणं यात काही बिघाड नाही. बघायचं ते एकच : ही भीती काय काय अडवते आहे? मूल वाढदिवसाला जाणं टाळतं का, सहल बुडवतं का, एकटं झोपू शकत नाही म्हणून घरातल्या कोणाचीच झोप होत नाही का, आणि हे महिनोन्‌महिने चाललं आहे का? भीती किती मोठी यापेक्षा तिने किती जागा बळकावली, हे जास्त महत्त्वाचं.

या मुलांपर्यंत मदत पोचत नाही, हा खरा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये शाळांमार्फत अशा मुलांचे पालक शोधून त्यांना विचारलं गेलं, तेव्हा बहुतेकांनी कुठे ना कुठे मदत मागितली होती. पण ज्या उपचाराचा उपयोग होतो हे नीट सिद्ध झालेलं आहे, तो मिळालेली मुलं शंभरात दोन-तीनच निघाली. हा उपचार म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी). मुलाचा भीतीदायक अंदाज नेमका कोणता ते ओळखायचं आणि प्रत्यक्ष करून तो अंदाज खरा ठरतो का हे बघायचं, असं त्याचं थोडक्यात रूप. त्यात गूढ काही नाही. अडचण आहे ती मनुष्यबळाची, प्रतीक्षायादीची, आणि ‘हे डॉक्टरकडे न्यावं इतकं आहे का?’ या पालकांच्या संकोचाची. म्हणून संशोधक शाळेच्या दाराशी आले.

ब्रिस्बेनपासून बाथपर्यंत

या कामाचा एक पाया ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला घातला गेला. मार्क डॅड्स, सुसान स्पेन्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७ ते १४ वर्षांच्या १,७८६ मुलांची आधी चाळणी केली. मुलांनी स्वतः प्रश्नावली भरली आणि शिक्षकांनीही नावं सुचवली. त्यातून पुढे मुलाखती घेऊन १२८ मुलं निवडली. निम्म्या शाळांमध्ये दहा आठवड्यांचे गट चालवले आणि पालकांच्याही बैठका घेतल्या. उरलेल्या शाळांत नुसतं लक्ष ठेवलं. ज्या मुलांत विकाराची लक्षणं होती पण पूर्ण विकार अजून नव्हता, त्यांच्यापैकी नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात सहा महिन्यांत ५४ टक्के मुलांचा विकार पूर्ण रूपात आला. मदत मिळालेल्या गटात हे प्रमाण १६ टक्के होतं. इतका स्पष्ट फरक या क्षेत्रात क्वचित दिसतो, आणि पुढची अनेक वर्षं त्याच आशेवर काम चाललं.

मग साहजिक विचार आला की निवडायचंच कशाला, सगळ्या वर्गालाच शिकवू. कोणावर शिक्का बसणार नाही, कोणी सुटणार नाही. ब्रिस्बेनच्याच पॉला बॅरेट यांनी बांधलेला ‘फ्रेंड्स’ हा अभ्यासक्रम या वाटेने बऱ्याच देशांत गेला. त्याची कसून परीक्षा घेतली ती बाथ विद्यापीठाच्या पॉल स्टॅलर्ड यांच्या गटाने. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या ४० प्राथमिक शाळा, ९-१० वर्षांची तेराशेहून अधिक मुलं, आठवड्याला एक असे नऊ तास. एका गटात बाहेरून आलेले प्रशिक्षित आरोग्यकर्मी शिकवत, दुसऱ्यात शाळेतलेच शिक्षक, आणि तिसऱ्यात शाळेचा नेहमीचा तास चालू राहिला. २०१४ साली आलेला निकाल असा : बारा महिन्यांनी आरोग्यकर्मींच्या गटातली मुलं कमी चिंताग्रस्त होती. शिक्षकांनी तेच पुस्तक, तेच धडे शिकवले. तिथे नेहमीच्या तासापेक्षा वेगळं काही घडलं नाही. चोवीस महिन्यांनी मोजलं तेव्हा पहिल्या गटाचा फरकही ठळक राहिला नव्हता.

याचा दोष शिक्षकांच्या माथी मारणं मला अजिबात पटत नाही. तीस मुलांसमोर ‘वाईट विचार आणि चांगले विचार’ हा धडा घेताना शिक्षक वेळापत्रकाला बांधलेला असतो, भूमिका पुस्तकाप्रमाणे वठवल्या जातात आणि तास संपतो. धड्याची गरज नसलेली सत्तावीस-अठ्ठावीस मुलं मोठ्याने उत्तरं देतात. ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं, ते मूल गप्प बसून ‘आता मला विचारू नका’ एवढंच मनात म्हणत असतं. भीतीबद्दल ऐकलं म्हणून ती जात नाही. भीती वाटते ती गोष्ट करून पाहावी लागते, आणि ती प्रत्येक मुलाची वेगळी असते. एकाला शाळेतली शर्यत नको असते, दुसऱ्याला फोनवर बोलणं, तिसऱ्याला वरच्या मजल्यावर एकटं जाणं. हे वर्गात एका वेळी होणार कसं?

शाळेतून घराकडे

इथे कॅथी क्रेसवेल यांच्या गटाचं काम येतं. त्या आधी रेडिंग विद्यापीठात होत्या, आता ऑक्सफर्डला आहेत. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. दहा वर्षांखालच्या मुलाला आठवड्यातून एकदा थेरपिस्टसमोर बसवण्यापेक्षा, जो माणूस त्याच्याबरोबर रोज सकाळी बूट घालताना आणि रात्री दिवा मालवताना असतो, त्यालाच ही पद्धत शिकवा. २०१३ साली आलेल्या त्यांच्या प्रयोगात ७ ते १२ वयाची १९४ मुलं होती. पालकांना पुस्तक दिलं आणि आठ आठवड्यांत थेरपिस्टचं एकूण ५ तास २० मिनिटं मार्गदर्शन दिलं, तेव्हा ५० टक्के मुलांचा मुख्य चिंताविकार गेला. निम्म्या वेळात, म्हणजे २ तास ४० मिनिटांत, हे प्रमाण ३९ टक्के राहिलं, आणि नुसत्या प्रतीक्षायादीवर २५ टक्के. एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. ज्या पालकांना स्वतःला त्या वेळी चिंताविकार होता, ती कुटुंबं या प्रयोगात घेतली नव्हती. प्रत्यक्षात चिंताग्रस्त मुलाचा एक पालक चिंताग्रस्त असणं अगदी नेहमीचं. अशा घरी जास्त वेळ, जास्त सोबत लागते.

याच पद्धतीचं पुढे संकेतस्थळ झालं. त्याचं नाव ‘ओएसआय’ (ऑनलाइन सपोर्ट अँड इंटरव्हेन्शन). पालक दर आठवड्याला एक भाग वाचतात, असे सात भाग. दर आठवड्याला थेरपिस्टचा साधारण वीस मिनिटांचा फोन. चार आठवड्यांनी एक उजळणी. मुलासाठी हौस टिकावी म्हणून फोनवरचा खेळ. कोविडच्या काळात इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या ३४ बालमानसोपचार सेवांत ४४४ कुटुंबांवर याची नेहमीच्या उपचाराशी तुलना झाली, निकाल २०२४ साली आला. मुलांना होणारा फायदा नेहमीच्या उपचारापेक्षा कमी नव्हता. थेरपिस्टचा वेळ मात्र सरासरी ३०७ मिनिटांऐवजी १८२ मिनिटं लागला. ज्या सेवेपुढे महिनोन्‌महिन्यांची रांग आहे तिथे हा फरक म्हणजे पाच मुलांच्या वेळात आठ मुलं.

हे हाताशी आल्यावर ‘आयकॅट्स’ हा शाळांमधला प्रकल्प शक्य झाला. इयर फोर, म्हणजे ८-९ वर्षांची मुलं, आपल्याकडची तिसरी-चौथी. शाळेमार्फत सगळ्या पालकांकडे छोटी प्रश्नावली जाते, उत्तरांचा अर्थ पालकांना कळवला जातो, आणि अडचण दिसली तर त्याच दमात ओएसआय देऊ केलं जातं. याच गटाचं ‘मायकॅट्स’ नावाचं काम त्याहून लहान, ४ ते ७ वयाच्या मुलांसाठी. तिथे चिंतेची लक्षणं, बुजरा स्वभाव आणि पालकाची स्वतःची चिंता अशा तीन गोष्टींवरून जोखीम बघतात.

चाळणीतून काय गळतं आणि काय अडकतं

प्रश्नावली वाटणं सोपं वाटतं. इथेच सगळ्यात जास्त गोष्टी बिनसतात.

आधी साधा हिशेब. समजा हजार मुलं आहेत आणि ६५ जणांना खरोखर चिंताविकार आहे. आपली प्रश्नावली बरी आहे. विकार असलेल्या शंभरांतली ७५ ओळखते आणि नसलेल्या शंभरांतली ७५ बरोबर बाजूला काढते. आता ती ४९ खरी मुलं पकडेल, १६ सुटतील, आणि ज्यांना विकार नाही अशी जवळजवळ २३४ मुलंही पकडेल. म्हणजे ज्यांच्या घरी ‘अडचण दिसते’ असं पत्र गेलं त्यांतल्या सहांपैकी एकालाच विकार असेल. प्रश्नावली वाईट आहे म्हणून असं होत नाही. शोधायची गोष्ट विरळ असली की असंच होतं. याचा व्यवहारातला अर्थ असा : कागदावरून कोणालाही ‘तुमच्या मुलाला चिंताविकार आहे’ असं कधीच कळवायचं नाही. ‘तुमच्या उत्तरांवरून मुलाला काही गोष्टींचा त्रास होत असावा, बोलायला आवडेल का?’ इतकंच लिहायचं. आणि जी मदत देऊ करायची ती अशी हवी, की विकार नसलेल्या मुलालाही तिने अपाय होणार नाही.

सुसान स्पेन्स यांची मुलांसाठीची चिंता-मोजपट्टी ४४ वाक्यांची आहे, त्यातली सहा फक्त मुलाला बरं वाटावं म्हणून घातलेली. दवाखान्यात ती उत्तम. पण शाळेत अख्ख्या इयत्तेला ४४ वाक्यं म्हणजे अर्धे कागद अपुरे परत येणार. म्हणून शाळांसाठी मोजक्या प्रश्नांवर यावं लागतं, आणि त्यात ‘भीती वाटते का?’ यापेक्षा ‘भीतीमुळे घरी, शाळेत, मित्रांमध्ये काय अडतं?’ हा प्रश्न जास्त कामाचा.

आई, शिक्षक आणि मूल या तिघांची उत्तरं जुळत नाहीत. हा नियमच समजा. शिक्षकांना वर्गातला गप्पपणा दिसतो, रात्रीचं रडणं दिसत नाही. आई-वडिलांना उलट. आणि काही चिंताग्रस्त मुलं प्रश्नावलीसुद्धा परीक्षेसारखी ‘बरोबर’ सोडवतात. सगळीकडे ‘कधीच नाही’ अशी खूण. म्हणून मुलांकडून भरून घ्यायचं असेल तर प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायचा, बाकं लांब करायची, उत्तर शेजाऱ्याला दिसणार नाही असं बघायचं, आणि ‘यात बरोबर-चूक काही नाही’ हे आधी आणि मध्ये एकदा, असं दोनदा सांगायचं. जून महिना टाळायचा. इंग्लंडमध्ये २०२२ पासून इयर फोरच्या मुलांना जूनमध्ये पाढ्यांची सक्तीची चाचणी असते, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. त्या पंधरवड्यात प्रश्नावली भरून घेतली तर मोजमाप चाचणीच्या धास्तीचं होईल.

संमतीचा घोळ आणखी खोल. ‘भाग घ्यायचा असेल तर सही करून पाठवा’ म्हटलं की ज्या घरी इंग्रजी कच्चं आहे, पालक दोन पाळ्यांत काम करतात किंवा शाळेच्या पाकिटाचीच धास्ती वाटते, ती घरं गळतात. म्हणजे ज्यांच्यासाठी शाळेचं दार निवडलं तेच बाहेर. ‘नको असेल तर कळवा’ म्हटलं तर सगळे येतात, पण न विचारता मनाची चौकशी केली असा राग येऊ शकतो. माझ्या मते मधला मार्ग असा : पत्र छोटं, पालकांना वाचता येईल त्या भाषेत, शाळेच्या फाटकाशी उभं राहून तोंडी सांगितलेलं, आणि निकाल सगळ्यांना पाठवायचा. अडचण असलेल्यांनाच पत्र गेलं की दुसऱ्या दिवशी फाटकाशी ‘तुम्हाला आलं का?’ सुरू होतं आणि शिक्का बसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चाळणी करून मदतीला उशीर करणं. पत्र आलं आणि पुढे चार महिने काहीच नाही, तर पालक दोनच अर्थ काढतात : फारसं काही नसावं, नाहीतर आपल्याला कोणी विचारत नाही. पत्र आणि पहिला फोन यांत दोन आठवड्यांहून जास्त अंतर पडणार असेल, तर शाळेने प्रश्नावली वाटूच नये असं मला वाटतं.

घरी नेमकं काय करायचं असतं

आता मूळ मुद्द्याकडे. आठ वर्षांचा मुलगा वर्गात कधीच हात वर करत नाही, असं समजू.

पालकांना पहिल्यांदा ध्येय विचारलं की उत्तर येतं ‘त्याचा आत्मविश्वास वाढावा’. यावर काम करता येत नाही, कारण ते कधी झालं हे कोणालाच कळणार नाही. ‘महिन्याभरात गणिताच्या तासाला आठवड्यातून एकदा स्वतःहून हात वर करून उत्तर देईल’ याच्यावर काम करता येतं. अशी दोन-तीन ध्येयं पुरतात. सगळ्या भीती एकदम हाताळायला गेलं की आई-वडील दमतात आणि तिसऱ्या आठवड्यात वही बंद होते.

मग मुलाला विचारायचं. ‘हात वर केलास तर काय होईल असं वाटतं?’ ‘त्यातलं सगळ्यात वाईट काय?’ ‘असं का वाटतं? आधी कधी झालं होतं का, दुसऱ्या कोणाचं झालेलं पाहिलंस का?’ आणि इथे थांबायचं. हे सगळ्यांत अवघड, कारण आपल्या तोंडावर ‘अरे, काही होत नाही, वेडा आहेस का!’ तयारच असतं. ते म्हटलं की चौकशी संपली. मूल मनातलं बोलायचं थांबतं, आणि अंदाज मात्र जागच्या जागी राहतो. प्रश्न खऱ्या कुतूहलाने विचारायला हवेत, वकिली सुरात नाहीत. काही मुलांना ‘माहीत नाही’ एवढंच सांगता येतं. तेव्हा चित्र काढायला सांगावं, किंवा दोन-तीन शक्यता पुढे ठेवून ‘यातलं एखादं आहे की वेगळंच?’ असं विचारावं.

समजा मुलगा म्हणाला, ‘चुकलो तर सगळे हसतील आणि दिवसभर चिडवतील.’ हा अंदाज शब्दशः लिहून ठेवायचा. पुढचं सगळं याच्यावर बेतायचं आहे, आणि इथेच बऱ्याच योजना फसतात. आई-वडील आणि शिक्षक मिळून त्याला एखादं सोपं उत्तर घोटून घेतात, मुलगा हात वर करतो, बरोबर उत्तर देतो, सगळे खूश. पुढच्या आठवड्यात भीती तितकीच, कारण ‘चुकलो तर हसतील’ हा अंदाज कोणी तपासलाच नाही. त्याने शिकलं ते एवढंच की बरोबर आलं म्हणून वाचलो. तपासायचं असेल तर कधीतरी चुकावं लागेल.

म्हणून पायऱ्या अशा पडतात. आधी घरी जेवताना सगळ्यांसमोर मुद्दाम चुकीचं उत्तर देऊन बघायचं, कोण काय करतं. मग सुट्टीत बाईंना एकट्याने जाऊन एक प्रश्न विचारायचा. मग बाई कोणता प्रश्न विचारणार हे आदल्या दिवशी ठाऊक असताना हात वर करायचा. मग न ठरवता. शेवटी खात्री नसलेल्या प्रश्नाला हात वर करायचा, आणि जमलं तर मुद्दाम चुकीचं उत्तर. प्रत्येक पायरीला मुलाने ० ते १० मध्ये भीतीचा अंक द्यायचा. पहिली पायरी २-३ ची असावी. पायरी करण्याआधी ‘काय होईल?’ लिहायचं, केल्यावर ‘काय झालं?’ लिहायचं, आणि दोन्ही शेजारी ठेवून ‘नवीन काय कळलं?’ हे मुलाकडूनच काढून घ्यायचं. कधीकधी एखादा मुलगा खरंच हसतो. त्यानेही काही बिघडत नाही, उलट ‘हसला, आणि दोन मिनिटांत विसरला’ हे फार मोलाचं शिक्षण आहे.

भीती पूर्ण शून्यावर येईपर्यंत पायरीवर ताटकळत ठेवायची गरज नाही. अंदाज खोटा ठरला का, किंवा खरा ठरूनही निभावलं का, हे बघायचं. पण एकदा केलं आणि झालं असंही नाही. वेगळ्या तासाला, वेगळ्या बाईंसमोर, वेगळ्या दिवशी तीच पायरी पुन्हा. नाहीतर मूल ‘त्या दिवशी नशिबाने जमलं’ असा अर्थ लावतं.

बक्षीस लहान, आधी ठरलेलं आणि लगेच दिलेलं हवं : रात्री एक गोष्ट जास्त, रविवारी नाश्त्याला काय करायचं हे ठरवायचा मान. ते प्रयत्नासाठी, निकालासाठी नाही. आणि एकदा दिलेलं दुसऱ्या कुठल्या खोडीबद्दल काढून घ्यायचं नाही.

छुप्या आधारांवर लक्ष ठेवावं लागतं. मूल हात वर करतं, पण पुटपुटल्यासारखं बोलतं. उत्तर आधी वीसदा मनात घोकतं. मित्राकडे बघूनच बोलतं. भीतीच्या मते त्याला वाचवलं ते या आधारांनी. हळूहळू ते सोडवायला हवेत. दीर्घ श्वासाचंही तेच होऊ शकतं. श्वासाचा व्यायाम वाईट नाही, पण ‘श्वास मोजले नाहीत तर काहीतरी होईल’ इथपर्यंत गोष्ट गेली की तो नवा ताईत झाला.

घरातल्या मोठ्यांच्या प्रेमळ सवयी या कामात सगळ्यात जास्त आड येतात. मुलाच्या वतीने वाण्याशी बोलणं, दहाव्यांदा ‘दार लावलंय ना?’ला उत्तर देणं, वाढदिवसाला ‘नको जाऊस बाळा’ म्हणणं. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांच्या या वागण्यावर काम केलं. मुलाला थेरपिस्टने भेटायचंच नाही. ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांवरच्या प्रयोगात (२०२०) त्याचा परिणाम मुलाला थेट दिलेल्या सीबीटीपेक्षा कमी ठरला नाही. पण या सवयी एका रात्रीत तोडायच्या नसतात. आधी मुलाला सांगायचं, ‘उद्यापासून हा प्रश्न एकदाच विचारायचा, मी एकदाच उत्तर देईन, कारण तुला जमेल असं मला वाटतं,’ आणि मग तसंच वागायचं. आजी-आजोबा घरात असतील तर हे त्यांच्याशी आधी बोललं पाहिजे, नाहीतर आईने नाही म्हटलेलं उत्तर दोन मिनिटांत आजीकडून मिळतं आणि सगळं मुसळ केरात.

शाळेच्या हातात जे आहे ते

शिक्षकांनी थेरपिस्ट व्हायचं नाही. त्यांना त्या आठवड्याची पायरी कोणती, कोणत्या तासाला, आणि काय करायचं नाही एवढं एका ओळीत कळवावं. ‘आज बघा कोण बोललं!’ असं सगळ्यांसमोर कौतुक केलं की पुढची पायरी तीन महिने लांबते. जाताजाता हलकेच ‘बरं वाटलं ऐकून’ पुरेसं.

वर्गातून बाहेर जायचं कार्ड अनेक शाळा देतात. दिवसातून कितीदा, किती मिनिटं आणि दर पंधरवड्याला त्यातून काय कमी होणार, हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं असेल तर ते उपयोगी. मुदत नसलेलं कार्ड म्हणजे टाळण्याचा परवाना. शाळेलाच यायचं नाही म्हणणाऱ्या मुलाच्या बाबतीत घाई करावी लागते. घरी काढलेला प्रत्येक दिवस परतणं अवघड करतो. अर्धा दिवस का होईना पण रोज, फाटकाशी रोज तेच एक माणूस, पाच मिनिटांत आई निघाली पाहिजे, आणि निरोप एकदाच.

आणि हे सगळं करण्याआधी एक तपासणी. मुलाला खरंच कोणी छळतंय का? अक्षरं जुळत नाहीत म्हणून वाचनाच्या तासाला पोटात दुखतं का? ऐकू कमी येतं का, फळा दिसतो का? जेवणघरातला कलकलाट सहन न होणारं स्वमग्न मूल आहे का? छळ होत असलेल्या मुलाला ‘पायरी-पायरीने त्या मुलांजवळ जा’ सांगणं क्रूर आहे. तिथे बदलायला हवं ते शाळेने, मुलाने नाही. घरी भरपूर बोलणारं आणि शाळेत एक शब्दही न काढणारं मूल असेल तर ती वेगळी स्थिती आहे. तिथे ‘बोल ना’ हा आग्रह पूर्ण बंद करून वेगळ्या क्रमाने जावं लागतं, आणि त्यासाठी तज्ज्ञ हवाच.

इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१७ च्या सरकारी मसुद्यानंतर शाळांसाठी मानसिक आरोग्याची पथकं उभी राहू लागली. त्यांतले कार्यकर्ते वर्षभराचं प्रशिक्षण घेतात, आणि प्राथमिक शाळेतल्या चिंतेसाठी पालकांमार्फत चालणारी हीच पद्धत शिकतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत शाळेकडून असं पत्र आलं, की ‘आमच्या मुलात काय कमी आहे?’ अशी पहिली प्रतिक्रिया उमटते. ते बाजूला ठेवून शाळेला चार गोष्टी विचाराव्यात : प्रश्नावलीची उत्तरं कोण वाचणार, शाळेच्या कायमच्या नोंदीत ती जातात का, मदत लागली तर किती दिवसांत फोन येईल, आणि तो फोन मराठीतून किंवा दुभाष्याबरोबर होऊ शकेल का. दुभाषी मागणं हा संकोचाचा विषय नाही. ‘सगळ्यात वाईट काय होईल?’ हे मूल ज्या भाषेत रडतं त्या भाषेत विचारलं तरच खरं उत्तर येतं.

आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मुलांपैकी फक्त १३ ते १७ वयोगट घेतला होता. तिसरी-चौथीतलं मूल त्यात आलंच नाही. शाळांमधलं भारतातलं उत्तम काम, म्हणजे गोव्याच्या ‘संगात’ संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांत मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांकडून करून घेतलेला प्रयोग, नववी ते बारावीसाठी होता. त्याने हे दाखवलं की नीट शिकवलेला आणि देखरेखीखाली असलेला साधा कार्यकर्ता शाळेत हे काम करू शकतो. प्राथमिक शाळेसाठी पद्धत मात्र तीच उचलून चालणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलीशी समुपदेशक थेट बोलू शकतो, आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत फोन आईला जायला हवा. आज महाराष्ट्रात किंवा गोव्यात एखाद्या पालकाला लगेच कोणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.